पलंगाईला आणायचं कसं

रुइआनला आमच्याकडे येऊन आठवडा झाला तरी ती एकदाही माझ्या पलंगावर झोपली नव्हती. बाहेरच्या खोलीत, पंख्यासमोर, चटईवर पालथी झोपायची. दुपारी मी मुद्दाम धाकटीला भिंतीकडे सरकवून मध्ये जागा करायची, उशीवर तिचा पिवळा टॉवेल अंथरायची आणि हाक मारायची. ती दारापर्यंत यायची, परक्या घरच्या पाहुण्यासारखी पलंगाकडे बघायची आणि मागे फिरायची.

पाच वर्षांची आहे माझी मुलगी. पहिला महिना सोडला तर ती अमाकडेच वाढली. अमा म्हणजे तिची आजी, माझ्या सासूबाई. त्या दक्षिणेला, ताइनानच्या पलीकडे समुद्राकाठच्या गावात राहतात. त्या गावात घरांपेक्षा माशांची तळी जास्त. तेव्हा आम्ही दोघंही नोकरी करत होतो, ताइपेला लागून असलेल्या बानच्याओत एका खोलीत राहत होतो, आणि इथे पुष्कळ जण करतात तेच आम्ही केलं. मूल आजीकडे ठेवलं, महिन्यातून एकदा भेटायला गेलो. मग गेल्या वर्षी धाकटी शिन झाली, तोवर जरा मोठं घर मिळालं होतं, मी नोकरी सोडली. आणि एक दिवस लंगोटांच्या घड्या घालता घालता माझ्या लक्षात आलं, की एका मुलीसाठी मी घरी बसले आहे आणि दुसरीला अजून भेटायलाच जाते आहे. त्या घड्या त्या दिवशी तशाच राहिल्या.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला माझा नवरा बोयेन तिला घेऊन आला. बालवाडी एक सप्टेंबरला सुरू होणार होती.

"तोवर बघू," बोयेन म्हणाला. "नाहीच रमली तर अजून एक वर्ष अमाकडे. उगीच पोरीचे हाल नकोत."

सासूबाई फोनवर होत्या. त्या लगेच "चालेल" म्हणाल्या. जरा जास्तच लगेच.

मीही "चालेल" म्हणाले. पण मला ठाऊक होतं की या वर्षी परत गेली तर पुढच्या वर्षी ती घरी येणार नाही. भेटायला येईल. महिन्यातून एकदा.

एका दुपारी मी चटईवर तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आत चल ना, बाळा. तिथे गार वारा येतो."

"नको."

"का गं?"

"तिथे माझी पलंगाई नाही."

मी हसले. "असं कसं? प्रत्येक पलंगाला पलंगाई असते."

"ती शिनची आहे." ती चटईची एक काडी सोलत होती. "माझी अमाच्या लाल पलंगावर असते. ती कुठे जात नाही."

"दोघींना सांभाळेल की एकच."

"तुला माहीत नाही," ती शांतपणे म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

खरंच मला फारसं माहीत नव्हतं. मी ताइपेच्या सहाव्या मजल्यावर वाढले. आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात. पलंगाईबद्दल मी ऐकलं होतं ते एवढंच, की ही देवी पलंगात राहते, मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याला राखते, आणि तान्हं मूल झोपेत हसलं की समजायचं, पलंगाई त्याला काहीतरी गंमत सांगते आहे. शिन झोपेत हसते तेव्हा मी बघत बसते. रुइआन कशी हसायची ते मला आठवत नाही. तेव्हा मी ताइपेत होते.

तिला समजावणं मला जमणार नव्हतं. चित्रं काढणं जमत होतं. शिन होण्याआधी मी एका छापखान्यात मुलांच्या अभ्यासाच्या वह्यांची पानं मांडायची. कोंबडी, छत्री, सफरचंद, असली हजारभर चित्रं माझ्या हातून गेली असतील. शिवाय जुना लॅपटॉप होता आणि गेम बनवायची एक फुकट मिळणारी सोय त्यात होती. चित्रं जोडायची, आणि सांगायचं, इथे गेलं की हे होईल, हे उचललं की ते उघडेल. शिन दुपारी दीड तास झोपते. त्या दीड तासात, पाय पोटाशी घेऊन, लॅपटॉप गुडघ्यांवर ठेवून मी गेम बनवायला बसले.

गोष्ट साधी होती. लाल चपला घातलेली एक मुलगी. तिची पलंगाई गावाकडच्या पलंगात राहिली आहे आणि मुलीला तिला नव्या घरी आणायचं आहे. पहिल्याच चित्रात अमा पलंगाशी उभी. तिच्याजवळ गेलं की ती पलंगावरची, पलंगाईच्या नैवेद्याची भाताची वाटी उचलून मुलीच्या हातात देते आणि म्हणते, "घेऊन जा हिला." पुढे माशांची तळी, बांधावरचं भूमीदेवाचं बुटकं देऊळ. म्हातारा भूमीदेव रस्ता सांगतो, पण आधी त्याची हरवलेली काठी शोधून द्यावी लागते. मग समुद्रमातेचं मोठं देऊळ. तिथले तिचे दोन रखवालदार, एकाला हजार कोस लांबचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. तिथेच व्याघ्रदेवही. त्याला अंडं दिलं की तो पाठीवर बसवून थेट बानच्याओच्या आमच्या गल्लीत आणून सोडतो. पलंगाई वाटीत बसून येते, म्हणून वाटी एकदाही खाली ठेवायची नाही. ठेवली की पलंगाई परत लाल पलंगात.

"तुझा वाघ मांजरासारखा दिसतो," बोयेन म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, दिवसभर अंधाऱ्या विहिरीत लोंबकळून येतो, आणि आल्या आल्या काहीतरी बोलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"मांजर वाघासारखी दिसते असं म्हण."

"आणि मी कुठे आहे यात?"

"तू लिफ्ट चालू करतोस. शेवटून दुसऱ्या चित्रात."

त्याने ते चित्र दोनदा बघितलं आणि आंघोळीला गेला.

शेवटच्या चित्रावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. पलंगाई नव्या पलंगावर पोचते. तिला मी देवळातल्या देवींसारखी काढली होती, डोक्यावर मुकुट, गोल गाल, बारीक डोळे. मुलगी वाटी पलंगावर ठेवते, उदबत्ती लावते. आणि मग उदबत्ती जळत राहते, हळूहळू, पूर्ण. धूर वर जातो, धुराचे पक्षी होतात, मागे बासरी वाजते. तीन मिनिटं. मी एकटीने बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्याच कामाने रडणं जरा हसण्यासारखंच आहे, पण मी थकलेली होते.

विसाव्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप बाहेरच्या खोलीत नेऊन स्टुलावर ठेवला. "हे बघतेस का? मी बनवलंय."

रुइआनने हनुवटी स्टुलाच्या कडेला टेकवली. बाण दाबला. लाल चपला चालू लागल्या.

"ही अमा?"

"हो."

"अमाचे केस असे नाहीत. क्लिप लावते ती." पण तिने वाटी घेतली. तळ्याजवळ थांबली. "पाणी घुसळायचं चाक कुठाय? चाक नसलं तर मासे मरतात."

"काढते मी चाक."

"चार काढ. आमच्याकडे चार आहेत."

भूमीदेवाची काठी तिला लगेच सापडली. दोघा रखवालदारांचं भांडण तिने तीनदा पुन्हा पुन्हा ऐकलं आणि तिन्ही वेळा हसली. मी पहिल्यांदाच त्या घरात तिला असं हसताना ऐकत होते, आणि श्वास घेतला तर ती थांबेल अशा भीतीने गप्प बसले होते.

"वाघ देवाच्या टेबलावर का ठेवलास? तो खाली असतो. वाकून बघावं लागतं."

"बरं."

"आणि अंडं कच्चं दे. तू उकडलेलं दिलंस."

"कसं कळलं?"

"पांढरं सोललेलं आहे ना!" तिने कपाळावर हात मारला, अगदी सासूबाई मारतात तसा.

मग शेवटचं चित्र आलं. तिने मुकुटवाल्या देवीकडे बोट केलं. "ही कोण?"

"पलंगाई."

"छे. पलंगाईला तोंड नसतं. नुसता हात असतो." आणि तिने चटईवर हलक्या हाताने थोपटून दाखवलं. दोनदा, मग एकदा जरा थांबून.

मी "हं" म्हणाले. उदबत्ती पेटली. धूर वर निघाला. बासरी सुरू झाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी ती नुसती वाट बघत होती. मग बाण दाबू लागली. मग सगळीच बटणं.

"आता जाळ ना तिचे कागदी कपडे. आटप ना!"

"थांब, बाळा, बघ, पक्षी..."

"एवढा वेळ नाही लावायचा!" तिचा आवाज चिरकला. "पलंगाईला एवढा वेळ नाही लावायचा, तिला झोप येते, मग ती मुलीला पण झोपवून टाकते, मग मुलगी उठतच नाही! उदबत्ती लावली की लगेच कागद जाळायचे! तुला काहीच येत नाही!"

लॅपटॉप तिने ढकलला नाही, फक्त झाकला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग म्हणाली, "अमाला फोन लाव."

मी लावला. ती फोन घेऊन चपलांच्या कपाटामागे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. तोंड, अंडं, उदबत्ती. पलीकडून सासूबाईंचं हसू माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. मग फोन माझ्याकडे आला.

"काय गं, आ-चेन, अख्खी उदबत्ती जाळलीस?"

"मला माहीत नव्हतं, आई."

"पोर दिवसभर अंथरुणात लोळत पडेल अशाने. तुझ्या आईने शिकवलं नाही का?"

"आमच्या घरी करत नव्हते."

"हं." मग त्या म्हणाल्या, "पाठव मला तो गेम. माझ्या नातीला कशाने रडवलंस ते बघू तर दे."

पाठवायची माझी इच्छा नव्हती. गावात संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर सगळे म्हातारे जमतात. उद्या साऱ्या गावात झालं असतं, की ताइपेच्या सुनेला उदबत्ती कळत नाही. तरी पाठवला. तोपर्यंत मी चार चाकं काढली होती, वाघाला टेबलाखाली घातलं होतं.

तीन दिवस काहीच नाही. एरवी सासूबाई दिवसाआड फोन करतात. चौथ्या दिवशी सकाळी, शिनला भरवत असताना फोन आला, तो सासूबाईंचा नव्हता. शेजारचे श्वेइमू काका. त्यांचं तळं आमच्या तळ्याला लागून आहे आणि देवळाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

"सूनबाई, तुझा गेम फार छान आहे हां. मी दोनदा संपवला. वाघाने मला दोनदा ताइपेला पोचवलं, मी जन्मात एकदाच गेलोय."

"आभार, काका. आईंनी खेळला का?"

"तिची गाडी पहिल्याच चित्रात अडलीय."

"बटण सापडत नाहीये का?"

"सापडतंय की. मीच दाखवलं. त्या अमाजवळ जा म्हटलं, ती वाटी देईल. जात नाही. त्या मुलीला तळ्यावर फिरवते, अंगणात फिरवते, गोल गोल. तीन दिवस. काल मी म्हटलं, अगं दाब ना, तर मला म्हणते, तुझं तळं बघ जा."

मी चमचा खाली ठेवला. शिन तोंड उघडून बसली होती.

मी त्या चित्रात काय लिहिलं होतं ते मला आठवलं. *घेऊन जा हिला.* मी ते वाक्य अर्ध्या मिनिटात लिहिलं होतं. कोणीतरी वाटी द्यायला हवी होती, म्हणून अमा. आणि मग मला रुइआनचं बोलणं आठवलं; ती कुठे जात नाही. पाच वर्षांच्या मुलीला हे स्वतःहून कुठून सुचणार?

दुपारी शिन झोपल्यावर मी सासूबाईंना फोन केला. रुइआन बाल्कनीत कपड्यांच्या चिमट्यांची आगगाडी करत होती.

"आई, रुइआन निघाली तेव्हा तुम्ही तिला काही म्हणाला होतात का? पलंगाईबद्दल?"

पलीकडे पाण्याच्या चाकांचा आवाज येत होता. त्या तळ्यावर असाव्यात.

"पोर रडत होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मला म्हणाली, अमा, तू एकटीच झोपणार? मी म्हटलं, एकटी कशाला, तुझी पलंगाई आहे ना इथे. ती कुठे जात नाही. तू परत आलीस की असेलच." मग घाईने, "काय बोलायचं होतं मग? तोंडातून निघून गेलं."

"मी रागावले नाहीये, आई."

"रागाव की. मी असते तर रागावले असते."

पाच वर्षं त्यांनी तिला थोपटून झोपवलं. तिचा गोवर, तिचे दात येणं, सगळं त्यांनी निभावलं. आणि मी एका गेममध्ये त्यांचे केस चुकीचे काढून त्यांच्या तोंडी "घेऊन जा" घातलं होतं.

"त्या चित्रातलं वाक्य मी बदलते," मी म्हणाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ते बरोबर आहे. मीच म्हटलं नाही." पाणी घुसळत राहिलं. "पण आता नुसतं म्हणून चालायचं नाही. ती पोर माझ्यासारखी आहे, पुरावा मागेल. उद्या व्हिडिओवर या. पलंगाईलाच विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फोन उशीला टेकवून बसलो. पलीकडे सासूबाई लाल पलंगावर, समोर भाताची वाटी, हातात दहाची दोन नाणी. फोन श्वेइमू काकांनी धरला होता. बराच वेळ आम्हाला फक्त छत दिसलं.

"काका, खाली करा," रुइआन म्हणाली.

"हो, साहेब."

देवाला प्रश्न विचारून नाणी टाकायची. एक छापा आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही काटे तर नाही. दोन्ही छापे तर देव हसतोय, म्हणजे प्रश्न नीट विचार. सासूबाईंनी नाणी ओंजळीत हलवली. "पलंगाई, आमची रुइआन ताइपेत गेलीय. तू तिच्याकडे जाशील का?"

नाणी चादरीवर पडली. दोन्ही काटे.

रुइआन माझ्याकडे वळली. "बघ. म्हटलं नव्हतं?"

हे मी धरलंच नव्हतं. ज्यात नाही म्हणायची सोय आहे असा खेळ मी मांडला नव्हता. माझ्या गेममध्ये वाघ नेहमी पोचवतो.

"अगं, पंचांगातला सातवा महिना चालू आहे," श्वेइमू काका म्हणाले. "सगळी भुतं रस्त्यावर. या महिन्यात माणूस घर बदलत नाही, ती कशी निघेल? नीट विचार."

"तू फोन नीट धर. पलंगाई, महिन्याचं सोड. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

दोन छापे.

"हसतेय," रुइआन कुजबुजली.

"तुलाच हसतेय," काका सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी नाणी उचलली, पण लगेच टाकली नाहीत. चादरीवरची एक सुरकुती हाताने सरळ केली. त्यांची क्लिप सुटली होती, ती पुन्हा लावली. मग वाटीकडे बघून, आम्हाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, "मीच तुला इथे राहा म्हटलं होतं. माझ्यासाठी. ते मी परत घेते. मी म्हातारी बाई, मला पलंगाई कशाला? पोर तिकडे आहे. तू तिकडे जा."

नाणी पडली.

"काका, जवळ न्या! दिसत नाहीये!"

फोन हलला, अंधुक झाला, स्थिर झाला. एक छापा, एक काटा. रुइआनने नाक स्क्रीनला लावून दोन्ही नाणी तपासली.

"हो आहे," ती म्हणाली. मग लगेच, "अमा, आता तू एकटी झोपणार?"

"श्वेइमूच्या बायकोचं घोरणं भिंतीतून ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या. "एकटं वाटायला सवड कुठे मिळते?"

"ए!" काका म्हणाले, आणि पुन्हा छत दिसलं.

सातव्या महिन्याची सप्तमी शुक्रवारी आली. पलंगाईचा दिवस. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिळाच्या तेलात चिकट तांदूळ, सुकी कोळंबी आणि मशरूम परतून तेलभात केला, वर कोंबडीची तंगडी ठेवली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पलंगाईचे कागदी कपडे आणले, गुलाबी छापाचे. ऊन उतरल्यावर वाटी पलंगावर ठेवली. रुइआन कमरेवर हात ठेवून उभी होती.

"लाव. नमस्कार कर. शिनचे हात पण जोड. झालं. चल, बाल्कनीत!"

"एवढ्यात?"

"चल गं!"

मी कागदी कपडे घेऊन पळाले, बोयेन डबा धरून होता, कपडे भुर्रकन पेटले. उदबत्ती जेमतेम बोटभर जळली होती. सगळं मिळून तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. रुइआनने मान हलवली, जसा एखादा मुकादम काम पास करतो.

आणि रात्री ती पुन्हा चटईवर गेली.

बोयेन सोफ्यावर बसून फोनवर रविवारच्या गाड्यांच्या वेळा बघत होता. मी बघितल्यावर त्याने फोन उलटा ठेवला. "उद्याचा दिवस आहे अजून," तो म्हणाला. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

शनिवारी दुपारी शिन झोपली आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, लॅपटॉप घेऊन पलंगाच्या कडेला बसले. शेवटचं चित्र दुरुस्त करायचं राहिलंच होतं. बासरी काढून टाकली. पक्षी काढून टाकले. तेव्हा जरा जीवावर आलं. देवीचा मुकुट पुसला, गाल पुसले, आणि एक हात काढायला घेतला.

"हे काय, बोटं किती बारीक." रुइआन दारात होती.

"कशी हवीत?"

"जाड. आणि इथे चीर." तिने आपल्या अंगठ्याच्या मुळाशी दाखवलं.

मी चीर काढली. तिला दारातून दिसेना, म्हणून ती आत आली. तरी नीट दिसेना, म्हणून पलंगावर चढली, माझ्या मागे गुडघ्यांवर उभी राहून खांद्यावरून बघू लागली. तिच्या श्वासाला बोराच्या गोळीचा वास होता. मी मान वळवली नाही.

"हात हलायला पाहिजे."

"असा?"

"फार भराभरा. दोनदा, मग थांब. मग एक."

मी आकडे बदलले, पुन्हा चालवलं. "आता?"

"आता बरोबर." ती उशीवर आडवी झाली, गाल हातावर ठेवून स्क्रीन तिरका बघत. "अजून एकदा लाव."

मी लावलं.

"यात अमाला पण आणता येईल?"

"येईल. कशी येईल ती? वाघावर?"

"वाघावर नाही बसायची ती. तिचे गुडघे दुखतात. बसने." जांभई. "बसमध्ये तिला खिडकी दे."

"बरं. आणि काय आणेल सोबत?"

उत्तर आलं नाही. मी अजून विचारत राहिले, मासे आणेल का, क्लिपा आणेल का, हळूहळू आवाज कमी करत, आणि मग गप्प झाले. तिचा एक पाय माझ्या मांडीवर आला होता. पलीकडे शिन. मध्ये ती. पंखा नुसता फिरत होता.

बोयेन दार लोटून आत डोकावला. उभा राहिला. मग पाऊल न वाजवता गेला, आणि बाहेर त्याने फोनवर कोणाला तरी रविवारची सुट्टी नको म्हणून सांगितलेलं मी ऐकलं.

थोड्या वेळाने माझा फोन थरथरला. सासूबाई.

"झोपली का?" त्यांनी विचारलं. "हॅलो" नाही, काही नाही.

"हो, आई," मी कुजबुजले.

"कुठे?"

"पलंगावर."

आज पलीकडे चाकांचा आवाज नव्हता. त्या घरात असाव्यात.

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"हं. तशीच झोपते." नाक ओढल्याचा आवाज. "तिची हिवाळ्याची रजई धुवून ठेवलीय. इथे ठेवून काय करू? पाठवते."

"पाठवू नका. घेऊन या."

"तळं कोण बघेल?"

"श्वेइमू काका."

"तो माशांना चारा घालायच्या ऐवजी गप्पा घालेल." मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "लिहून घे. कागद आहे का जवळ?"

शिनच्या लसीचं कार्ड हाताशी होतं. त्याच्या मागे मी लिहायला घेतलं, अंग न हलवता.

"कानात पाणी गेलं की दुखतो, डावा. केस धुताना जप. माशाचा काटा तिला दाखवून काढ, न दाखवता काढलास तर तोंडच उघडत नाही. ताप आला की पाय आधी गार पडतात. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि सकाळी उठली की लगेच बोलू नकोस तिच्याशी. थोडा वेळ नुसती बसते ती."

"एक पाय लांब करून," मी म्हणाले. "आणि मग पाणी मागते."

"तुला कसं माहीत?"

"महिनाभर बघतेय, आई."

मी पेन कार्डावर टेकवून ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग ते नको लिहूस. पुढचं लिही."